मागल्या सालचं पाणी

परवा सकाळी फिरून परतताना वसाहतीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत एका बाभळीला कॅसेटची फीत अडकलेली दिसली. कुणीतरी घर आवरताना जुन्या कॅसेटी बाहेर टाकल्या असाव्यात. कुत्र्यांनी त्या फोडल्या आणि वाऱ्यानं फीत ओढत नेऊन काट्यांत गुंतवली. तिचे तपकिरी, चकचकीत पदर उन्हात थरथरत होते. मी एक टोक हातात धरलं आणि उगाचच नाकाशी नेलं. तापलेल्या फितीला एक आंबूस, किंचित औषधी वास असतो. नव्या फितीचा वास याहून उग्र, पण कूळ तेच. त्या वासासरशी एक आठवण जागी झाली. या वयात आठवणी बहुधा दबक्या पावलांनी येतात, दारात घुटमळतात, आपण 'ये' म्हणेपर्यंत थांबतात. ही तशी आली नाही. एका चिरक्या, वर वर चढत जाणाऱ्या आवाजासकट ती अंगावर आली आणि मी भर रस्त्यात कान देऊन उभा राहिलो.

तो आवाज त्र्याहत्तर सालच्या मार्चमधला. नगर शहराबाहेरच्या उघड्या माळावर आमचं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी मोजायचं, कुठल्या गावाखाली ते किती टिकतं याचा हिशेब मांडायचा, एवढंच त्याचं काम. दगडी, एकमजली इमारत, पुढं चार कडुनिंब, मागं धूळ. मागच्या अंगाच्या खोलीत कॉम्प्युटर होता. कुणा मोठ्या संस्थेनं नवा घेतला म्हणून त्यांचा जुना आमच्याकडं आलेला. भिंतीला लागून उभी लोखंडी कपाटं, त्यांवर लुकलुकणारे दिवे आणि अखंड घुमणारी हवा. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला 'मशीन' म्हणत आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढत. कारण धुळीचं होतं, पण चपला काढल्या की आवाजही आपोआप खाली येई.

त्या खोलीच्या प्रमुख एक बाई होत्या. संख्याशास्त्र शिकलेल्या, चाळिशी उलटलेल्या, उंच. सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला असे आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट इतका खाली जाई की ऐकण्यासाठी आपल्याला श्वास रोखावा लागे. आम्हा नव्या मुलांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आकडा वाचला की विहीर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तो आकडा मला देऊ नका." मी अकोले तालुक्यातल्या राजूरकडचा, डोंगरातला. आमच्याकडं पाणी मोजायची कुणाला कधी गरज पडली नव्हती. ते डोंगरावरून यायचं आणि भाताच्या खाचरांतून निघून जायचं. त्यामुळं पाण्यासाठी नोकरी असते, हीच मला नवलाई. पण बाईंनी मला आधी यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी मला जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जामखेडच्या बाजूला, खर्ड्याच्या आसपासच्या गावांत धाडलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात एकटे आणि सगळ्यात भरलेले दिवस असावेत. खांद्याला पोलादी पट्टीची गुंडाळी, खिशात खडू. पट्टीच्या टोकाला खडू फासायचा, ती हळूहळू विहिरीत सोडायची, आणि वर ओढली की खडू जिथवर भिजलेला असेल तिथं पाण्याची पातळी. खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटाची सावली जिथवर पोचते तिथपासून पार सरहद्दीच्या वाड्यांपर्यंत मी विहिरींत वाकून पाहिलं. खोल, काळ्या गारव्यात पट्टी टेकायची तेव्हा एक बारीकसा आवाज व्हायचा, झोपेतल्या माणसानं हुंकार द्यावा तसा. त्या सालीही पाणी फार नव्हतंच, पण होतं. मी ते मोजलं, कागदावर उतरवलं, आणि परत आल्यावर स्वतःच्या हातांनी कार्डांवर भोकं पाडून यंत्राला दिलं. उत्तरेचे तालुके आधी, मग दक्षिणेचे, अशा क्रमानं सगळा जिल्हा यंत्रात गेला. अकोले सर्वांत आधी, जामखेड सर्वांत शेवटी.

यंत्रात गेला म्हणजे ड्रममध्ये गेला. ड्रम हे त्या मशीनचं स्मरण. पिंपाएवढा एक धातूचा दंडगोल, वर चुंबकी थर, आणि तो अहोरात्र गरगर फिरत असायचा. त्याच्या अंगाला जवळजवळ चिकटून, पण न शिवता, वाचणारी टोकं बसवलेली. मधलं अंतर इतकं सूक्ष्म की धुळीचा एक कण त्यात डोंगरासारखा ठरावा. तो फिरत असला की खोलीत एक संथ गुणगुण असे. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की ती आम्हाला ऐकूच येत नसे.

मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्या वर्षाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी काय निराळं सांगणार? रस्तोरस्ती खडी फोडणारी माणसं, टँकरमागं धावणाऱ्या घागरी, पाचोळ्यासारखी हलकी झालेली जनावरं. मी ज्या विहिरींत पट्टी सोडली होती त्यांच्या तळाशी आता पांढरा चिखल तडकला होता. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं, की ड्रमची गुणगुण बदलली आहे. तिच्यात एक धागा वरच्या पट्टीत लागला होता. बाई दार उघडून आत आल्या, उंबऱ्यातच थांबल्या, मान किंचित वाकडी करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेअरिंग." ड्रम ज्यावर फिरतो ते झिजलं होतं; तो केव्हाही अडकून थांबू शकत होता.

आम्ही धावत कार्डांच्या कोठीकडं गेलो. खोकी जागच्या जागी होती, पण उचलायला गेलो तर हातात माती आली. कोरड्या सालात वाळवीला ओलावा कुठं मिळाला कोण जाणे. तिनं आतून सगळं पोखरून वरचं आवरण तेवढं शिल्लक ठेवलं होतं. विहिरींवर भरलेले मूळ कागद कार्डं झाल्यावर रद्दीत गेले होते. छापून घ्यावं, तर आमचं छपाईयंत्र इतकं मंद की सगळा जिल्हा कागदावर यायला आठवडे लागले असते, आणि ड्रम तेवढा धीर धरील याचा भरवसा नव्हता. म्हणजे आता ते पाणी फक्त त्या फिरत्या पिंपात होतं. पुन्हा जाऊन मोजायचं म्हटलं तरी विहिरींत मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आशा एकच होती. पुण्याहून आलेलं, आणि ठेवायला थंड जागा नाही म्हणून वऱ्हांड्यात खोक्यांतच पडून राहिलेलं एक टेपचं यंत्र. आज ज्याला 'बॅकअप' म्हणतात, घरातलं लहान मूलही म्हणतं, ते काम करणारं. मोठ्या चाकांवर गुंडाळलेल्या चुंबकी फितीवर ड्रममधलं सगळं उतरवून घ्यायचं, की ड्रमचं काही झालं तरी नक्कल हाताशी. बाईंनी तार केली आणि दुसऱ्या दिवशी ते बसवणारा इंजिनिअर सुप्याच्या रस्त्यानं धुळीनं माखलेल्या जीपमधून आला. तिशीचा, पुण्याचा, नीटस कपड्यांतला, हसरा. खोलीत शिरला आणि ड्रमचा आवाज कानावर पडताच त्याचं हसू मावळलं.

खोकी फोडली. गवताच्या पेंढ्यांतून ते कपाट बाहेर आलं, उभं, काचेच्या दाराचं, आत दोन मोठ्या चकत्या. आम्ही ओल्या फडक्यांनी खोली पुसत होतो. पिण्याच्या वाट्यातलं पाणी त्यासाठी काढून ठेवलेलं. वीजकपातीमुळं डिझेलचं जनित्र आवाराच्या लांबच्या टोकाला चालू होतं. इंजिनिअरनं कपाट जागेवर बसवलं, पाय समतल केले, चकत्या हातानं फिरवून पाहिल्या. मग मनगटाएवढी जाड केबल उचलून मुख्य यंत्राच्या पाठीमागं गेला आणि तिथून म्हणाला, "बाई, आता मशीन बंद करा."

"बंद करायचं नाही," बाई म्हणाल्या.

तो डोकं बाहेर काढून त्यांच्याकडं पाहू लागला. "चालू मशीनला केबल जोडत नाहीत. एक पिन दुसरीला शिवली तर सगळं कपाट जळेल."

"आणि बंद केलं तर ड्रम थांबेल. या बेअरिंगवर तो पुन्हा फिरेल असं तुम्ही मला सांगू शकता का?"

त्यानं ड्रमच्या आवरणाला कान लावला. "नाही," तो म्हणाला. "थांबताना टोकं टेकतील. थर खरवडून निघेल."

"मग चालू ठेवूनच जोडा. जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची, बाई. पण हात माझे आहेत." तो हे उर्मटपणे बोलला नाही. बाईंनीही त्याला आग्रह केला नाही. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्याच्यापुढं ठेवलं, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला ठरवायला जागा दिली, असं मला आज वाटतं.

तो त्या स्टुलावर बसलेला असतानाच जमीन हादरली. आधी पायांखालून एक धक्का, मग धडाम असा आवाज, आणि त्याच क्षणी ड्रम किंचाळला. त्याला दुसरा शब्द नाही. दिवे एकदम भडकले, विझले, पुन्हा लुकलुकू लागले, आणि ती किंकाळी हळूहळू उतरत पुन्हा गुणगुणीत मिसळली. मात्र आता ती गुणगुण आधीपेक्षा वर होती. कंपाउंडपलीकडच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावत होते. आठवडाभर त्यांचं खोदकाम चालू होतं आणि आम्हाला त्याची आठवणही राहिली नव्हती. बाई चपला न घालताच बाहेर पडल्या. मी त्यांच्यामागं धावलो.

विहिरीच्या काठावर धूर होता. पन्नाशीची एक शेतकरीण डोईवरचा पदर दातांत धरून आत वाकून पाहत होती; धमाक्यानंतर खाली बघायला उतरलेला तिचा मुलगा दोराला धरून वर येत होता, भुवयांपर्यंत पांढरा झालेला. सुरुंगवाला बाजूला बसून पुढच्या वाती कापत होता. बाईंनी धापा टाकतच सांगितलं, की आजचा दिवस सुरुंग थांबवा, आमच्या मशीनला हादरा बसतोय.

मुलानं तोंड पुसलं. "कसं थांबवायचं? खालची भोकं भरून झाल्यात. दारू आत हाय. आन् ह्यो सुरुंगवाला आज गेला की पुन्ना कवा घावायचा? समद्या मुलखात हिरी खोदायचं चाललंय."

"फक्त संध्याकाळपर्यंत," बाई म्हणाल्या.

"आमची बैलं दोन दिस टँकरच्या पान्यावर हायती, बाई. तुमच्या मशिनीला काय तहान लागती व्हय?"

तेवढ्यात त्या मुलाची आई काठावरून उठून आमच्याजवळ आली. "काय हाय त्या मशिनीत येवढं?" तिनं विचारलं.

"पाणी आहे, मावशी," बाई म्हणाल्या. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींना किती पाणी होतं, ते त्यात आहे."

ती माउली म्हणाली, "मागल्या सालचं पानी? त्ये ठिवून काय करनार?"

"कुठल्या गावाचं आधी आटतं, कुठल्याचं टिकतं, ते त्यावरून कळतं. पुढच्या वेळी टँकर आधी कुठं पाठवायचा, विहीर कुठं खणायची, हे ठरवता येईल."

"पुढच्या वक्ताला? म्हंजी आसं पुन्ना व्हनार हाय?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! चार गोड शब्द आणि काम झालं असतं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "होईल, मावशी. कधी ते नाही सांगता येत. पण होईल."

धूर विरत होता. ती विहिरीकडं पाहत होती, मग मुलाकडं, मग लांब गोठ्याकडं. सगळे तिच्या बोलण्याची वाट पाहत होते, सुरुंगवाल्यानंसुद्धा विळा खाली ठेवला होता. "थांबव रं," ती मुलाला म्हणाली. "ह्याला जेवू घाल, न्हाईतर जाईल निघून. ह्यांचं झालं की ह्ये येऊन सांगतील." मुलानं "आय!" म्हणून तोंड उघडलं, पण तिनं हात वर करून त्याला गप्प केलं आणि बाईंना म्हणाली, "लौकर करा मातर. बैलांस्नी कसं समजावू?"

आम्ही परतलो तेव्हा इंजिनिअर स्टुलावर नव्हता. त्यानं हातातलं घड्याळ, बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवली होती, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या आणि खोक्याची एक फळी जमिनीवर टाकून तिच्यावर अनवाणी उभा होता. "केबल जड आहे," तो मला म्हणाला. "वजन तुम्ही पेला. मी सांगेपर्यंत हलू नका. शिंकायचंसुद्धा नाही."

मी गुडघ्यांवर बसून केबल छातीशी धरली. आधी त्यानं अर्थिंगची तार जोडली. मग केबलचं तोंड खाचेसमोर आणलं. दातांसारख्या पिनांच्या ओळी, त्यांच्या समोर बारीक भोकांच्या ओळी. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत साचत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाईंनी पुढं होऊन स्वतःच्या पदरानं तो टिपला; संकोच करायला कुणाला वेळ नव्हता. केबलचं वजन माझ्या हातांत उतरत चाललं, दंड थरथरू लागले, आणि ती थरथर केबलमधून त्याच्या बोटांपर्यंत पोचेल या भीतीनं मी श्वास कोंडून धरला. मागं ड्रम तो एकच वरचा सूर लावून बसला होता. इंजिनिअर पुटपुटला, "आता." एक हलका, कोरडा खट्ट असा आवाज. मी दिव्यांकडं पाहिलं. ते आपल्या गतीनं लुकलुकत होते. जणू त्यांना काही कळलंच नव्हतं.

कुणीही आनंद केला नाही. फीत लावली. काचेमागच्या पोकळीनं तिला सुसकारा टाकत आत ओढून घेतलं, चकत्या एक हिसका देऊन फिरल्या आणि थांबल्या. लाल दिवा. इंजिनिअरनं दार उघडलं, फीत ज्यावरून सरकते त्या टोकावर बोट फिरवलं. बोटावर माळाची तांबूस धूळ आली. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं ते पुसलं, पुन्हा फीत लावली. पुन्हा सुसकारा, पुन्हा हिसका. आणि मग चकत्या चालू लागल्या, थोडं पुढं, थांब, थोडं पुढं, थांब, कुणी अडखळत पाठ म्हणून दाखवावा तशा. नव्या फितीचा तो उग्र वास खोलीभर पसरला.

बाई मुख्य फलकापुढं उभ्या राहून एकेक तालुका पार झाला की त्याचं नाव घेत होत्या. मोठ्यानं नव्हे, स्वतःशीच. अकोले. संगमनेर. प्रत्येक नावासरशी माझ्या डोळ्यांपुढं तिथल्या विहिरी येत, मी न पाहिलेल्यासुद्धा. कोपरगाव. मध्येच ड्रमचा सूर आणखी चढला आणि इंजिनिअरनं आपला तळवा त्याच्या आवरणावर ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तिथंच ठेवून उभा राहिला. खिडकीतून मळा दिसत होता. लिंबाच्या सावलीत सुरुंगवाला जेवून आडवा झाला होता आणि ती माउली विहिरीच्या काठावर आमच्या इमारतीकडं तोंड करून बसली होती. नेवासे, शेवगाव, पाथर्डी. उन्हं कलली. पारनेर, श्रीगोंदे. कर्जत झालं तेव्हा बाईंनी प्रथमच माझ्याकडं वळून पाहिलं. पुढचा जामखेड होता, माझा.

चकत्या पुढं सरकल्या, थांबल्या, पुन्हा सरकल्या. मी मनात गावं म्हणत होतो. पहिली काही गावं नक्की पार झाली असावीत. मग तो सूर एकाएकी फाटला. पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज, जळक्या तेलाचा भपकारा, इंजिनिअरनं झटक्यात मागं घेतलेला हात, आणि दिव्यांच्या रांगाच्या रांगा गोठल्यासारख्या स्थिर. ड्रम थांबला. कित्येक महिन्यांत प्रथमच ती गुणगुण बंद झाली आणि बाहेरच्या चिमण्यांचा आवाज ऐकू आला.

बाईंनी मुख्य बटण खाली ओढलं. कुणाकडं न पाहता मला म्हणाल्या, "जा. त्यांना सांग, झालं म्हणावं."

मी मळ्यात गेलो. झालं, एवढंच सांगितलं. माउलीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मुलाला खूण केली. सगळे लांब सरले, वाती पेटल्या, जमीन पुन्हा हादरली, आणि या वेळी कुठूनही किंकाळी आली नाही, हेच मला सहन झालं नाही. धूर ओसरल्यावर मुलगा खाली उतरला. वर पाठवलेला पहिला दगड तिनं दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा केला, गालाला लावून पाहिला. कोरडा होता. "आजून खाली," ती म्हणाली, आणि पाटी उचलायला वाकली. पुढं काही आठवड्यांनी त्या विहिरीला एक झरा लागला, करंगळीएवढा. बाई स्वतः खडू लावलेली पट्टी घेऊन गेल्या होत्या ते मोजायला.

पुढं पुण्याच्या एका यंत्रावर फीत वाचून पाहिली तेव्हा कर्जतपर्यंतचं सगळं सुखरूप निघालं. त्यापुढं जामखेडची मोजकी गावं, आणि मग नुसतं निरर्थक काहीतरी. ते सांगायला आलेला इंजिनिअर निघताना माझ्यापाशी आला आणि "तुमचाच भाग राहिला हो," एवढं बोलून माझा हात दाबून गेला. सगळे मला समजावत होते, की तेरा तालुक्यांतला एक तालुका म्हणजे काही फार नव्हे. मी रात्ररात्र ते आकडे आठवायचा प्रयत्न करी. पट्टी टेकल्याचा आवाज आठवे, गारवा आठवे, काठावरचं उंबराचं रोपटं आठवे. आकडा एकही आठवत नसे. बाईंनी माझं काही दिवस हे चालू दिलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "पट्टी घे. खर्ड्याला जाऊ."

"बाई, तिथं आता पाणी नाही."

"माणसं आहेत ना?"

माणसंही फारशी नव्हती. धडधाकट होती ती ऊसतोडीला किंवा खडीच्या कामावर गेलेली; वाड्यांवर म्हातारी आणि कुलपं. ज्या विहिरीवर मी पहिल्यांदा पट्टी सोडली होती, तिच्या काठावर एक म्हातारा बाभळीच्या शेंगा निवडत बसला होता. त्यानं कपाळावर हात धरून मला न्याहाळलं. "तुमीच नव्हं का त्ये, खडू लावून पट्टी सोडनारे? मला वाटलं, शाळंचं मास्तर हायती आन् हिरीला अक्षरं शिकवत्यात."

बाई त्याच्याशेजारी दगडावर बसल्या. त्या उन्हाळ्यात पाणी कुठवर होतं हे आठवतं का, असं विचारलं. म्हातारा उठला, खोपटात गेला आणि पोहऱ्याचा दोर घेऊन आला. "माजी नात शेंदायची," तो म्हणाला. "हात पुरत न्हवता पोरीचा, म्हनून मी दोराला गाठ मारून दिल्ती. गाठ हातात आली की समजायचं, पोहरा पान्याला टेकला. पानी खाली गेलं की गाठ फुडं सारायची. ही शेवटची गाठ. त्येच्यानंतर तुमी आल्तासा, आन् मग पोरगी सासरी गेली." त्यानं दोर विहिरीत सोडला. गाठ हातात आली. रिकाम्या विहिरीत, तळापासून बऱ्याच उंचीवर, तो पोहरा हवेत लोंबत राहिला. जिथं एकेकाळी पाणी होतं, बरोबर तिथं. मी पट्टी सोडली आणि आकडा वाचला. तो माझाच आकडा होता की नाही हे मला आजही ठाऊक नाही. पण तो वाचताना मला विहीर दिसली.

बाईंनी तो उतरवून घेतला आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ काढलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्ये गोल कशापायी?"

"हे मोजलेलं नाही, बाबा. सांगितलेलं आहे. दोन्ही वेगळं ठेवावं लागतं."

"म्हंजी माजं खोटं?"

"खोटं नाही. पण कुणी सांगितलं ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

म्हाताऱ्यानं त्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मग नाव लिवा की माजं. नुसता गोल काय कामाचा?"

असे आम्ही त्या उन्हाळ्यात गावोगाव हिंडलो. कुणी दोर दाखवला, कुणी दगडावरची शेवाळाची वाळलेली रेघ, कुणी फक्त बोट. पुष्कळ ठिकाणी विचारायला कुणीच नव्हतं. त्या जागा आम्ही कोऱ्या ठेवल्या. परत आलो तोवर मशीनला दुसरा ड्रम बसला होता; मी कार्डं पाडायला बसलो आणि बाईंना विचारलं, की नावं कुठं टाकू, यंत्राला तर आकडेच लागतात. त्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. "उजवीकडची शेवटची घरं रिकामी असतात. मशीन ती वाचत नाही, पण फितीवर उतरवतं. तिथं टाक." म्हणून जामखेड तालुक्याच्या पाण्यामागं त्या म्हाताऱ्याचं नाव आहे, आणखी पुष्कळांची आहेत, इंग्रजी अक्षरांत, आखूड केलेली, कुणी न वाचलेली.

बाई निवृत्त झाल्या, मग गेल्या. केंद्र दुसऱ्या कुठल्याशा खात्यात विलीन झालं. फिती पुढं निराळ्या फितींवर उतरवल्या गेल्या, मग आणखी कशावर. दर वेळी उतरवणारा माणूस वेगळा, घाईत असलेला. उजवीकडच्या त्या घरांत काहीतरी आहे म्हणून त्यानं ती तशीच पुढं नेली असतील, की निरुपयोगी समजून गाळली असतील, मला माहीत नाही, आणि विचारावं असं आता कुणी उरलेलंही नाही. पाणी त्यानंतर आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्या माउलीला बाईंनी खरंच सांगितलं होतं. कधी कधी पहाटे जाग येते तेव्हा मी ती नावं म्हणून पाहतो. बरीचशी अजून येतात.